इंग्रजी शब्दाची फोड करण्याआधी : ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीचे परीक्षण

आमची शाळा पुणे-बंगळूर महामार्गाच्या जवळ आहे आणि आजूबाजूच्या गावांतली बरीच मुले त्याच रस्त्याच्या कडेने सायकलवरून येतात. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी इंग्रजी उपसर्ग शिकवले, फळ्यावर तक्ता काढला आणि ‘इन म्हणजे नाही’ हे वर्गाकडून दोनदा म्हणून घेतले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, पेट्रोलच्या टँकरच्या मागे ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इन म्हणजे नाही, तर मग ते पेट घेत नाही असा अर्थ झाला ना?” माझ्या तक्त्यानुसार तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. इनफ्लेमेबल म्हणजे ज्वालाग्राही हे मला ठाऊक होते, पण तसे का, हे मला तिला सांगता आले नाही. त्या संध्याकाळी मी जो कोश उघडला तो तेव्हापासून माझ्या रोजच्या वापरात आहे आणि हे परीक्षण त्याच कोशाचे आहे.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे थोडक्यात एटिमऑनलाइन, हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा संकेतस्थळावरचा कोश आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या आरंभापासून, मोठ्या छापील व्युत्पत्तिकोशांचा आणि ऐतिहासिक कोशांचा आधार घेत, तो उभा केला आहे. एखाद्या विद्यापीठाच्या संपादक मंडळाने करावे असे हे काम मुख्यतः एका माणसाने हाती घेतले, ही गोष्ट कोश वापरताना मला वारंवार आठवते आणि प्रत्येक वेळी त्या चिकाटीबद्दल आदर वाटतो. संकेतस्थळ वापरायला पैसे पडत नाहीत आणि नावनोंदणी करावी लागत नाही. त्याचे ॲपही आहे, परंतु माझा अनुभव संकेतस्थळाचा आहे आणि मी त्याविषयीच लिहिते आहे.

टँकरवरच्या शब्दाचे उत्तर तिथे दोन मिनिटांत मिळाले. या कोशात ‘इन’ या उपसर्गाची एक नोंद नाही, क्रमांक घालून केलेल्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिला ‘इन’ नकाराचा आहे आणि दुसरा ‘आत, मध्ये, वर’ या अर्थाचा आहे. दोघांचे रूप एक असले तरी कुळ वेगळे आहे. इनफ्लेमेबलमध्ये दुसरा ‘इन’ आहे, कारण मुळात लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ ‘आग लावणे, पेटवणे’ असा होता. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांचाही आमच्या वर्गातल्या मुलीसारखाच घोटाळा होऊ लागला. ‘फ्लेमेबल’ हा उपसर्गाविना असलेला शब्द इंग्रजीत 1813 पासून होता, परंतु फारसा चालत नव्हता. 1920 च्या दशकात अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने तोच वापरावा असा आग्रह धरला, कारण पाटीवरचा उपसर्ग चुकीचा वाचला गेला तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडच्या टँकरवर मात्र जुना शब्द अजून टिकून आहे.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगताना मी मराठीतला ‘वि’ पुढे केला. विज्ञान, विख्यात, विशुद्ध या शब्दांत ‘वि’ म्हणजे विशेष, आणि विफल, विजोड, विसंगत यांत तोच ‘वि’ अभाव किंवा विपरीतपणा दाखवतो. मराठीच्या तासाला मुले हे सहज मान्य करतात. इंग्रजीच्या तासाला मात्र एका उपसर्गाला एकच अर्थ असला पाहिजे अशी आपण त्यांची समजूत करून देतो, आणि ती समजूत करून देण्यात बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांचा वाटा मोठा आहे. एटिमऑनलाइनचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले काम हेच आहे : शब्दाचे तुकडे करण्याआधी तो शब्द कोणत्या भाषेत, कोणत्या तुकड्यांपासून आणि केव्हा जोडला गेला, हे तो कोश दाखवतो. फोड डोळ्यांनी करायची नसते, इतिहास पाहून करायची असते, ही शिस्त त्यातून लागते.

कोशातील नोंदीची रचना सवय होईपर्यंत थोडी दाट वाटते. वर शब्द आणि त्याची जात असते, मग तो इंग्रजीत प्रथम कधी आढळतो त्या शतकाचा किंवा दशकाचा उल्लेख येतो, त्या काळातला अर्थ येतो, आणि नंतर एकेक पायरी मागे जात जुनी फ्रेंच, लॅटिन, ग्रीक किंवा जुनी इंग्रजी या भाषांतली रूपे येतात. शेवटची पायरी बहुधा इंडो-युरोपीय मूळ भाषेतल्या धातूची असते आणि त्याच्या आधी एक तारा छापलेला असतो. त्या ताऱ्याचा अर्थ विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. तो धातू कोणत्याही लेखात किंवा ग्रंथात सापडलेला नाही, भगिनीभाषांतील रूपांची तुलना करून अभ्यासकांनी तो अनुमानाने उभा केलेला आहे. त्या धातूवर बोट ठेवले की त्याचे स्वतंत्र पान उघडते, आणि तिथे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक अशा शाखांमधले त्याचे सगळे वंशज एकत्र मांडलेले दिसतात. मराठी वाचकासाठी या कोशातली खरी श्रीमंती या पानांवर आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण याच उदाहरणाने माझा वर्ग या कोशाकडे वळला. इंग्रजीत ‘इग्नोरंट’, ‘अननोन’ आणि ‘ॲग्नॉस्टिक’ असे तीन शब्द आहेत. फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर त्यांच्यात काहीही साम्य दिसत नाही. कोशात पाहिले तर तिघांचे शेवटचे टोक एकाच धातूपाशी जाते, आणि तो धातू म्हणजे आपल्या ‘ज्ञा’चा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये नकाराचा ‘इन’ आणि ‘ग्नो’ यांच्यापासून इग्नोरंट आला, ग्रीकमध्ये नकाराचा ‘अ’ आणि ‘ग्नो’ यांच्यापासून झालेल्या शब्दावरून टॉमस हक्सली यांनी एकोणिसाव्या शतकात ॲग्नॉस्टिक घडवला, आणि जुन्या इंग्रजीच्या घरातला ‘अन’ व ‘नो’ मिळून अननोन झाला. ‘इन’, ‘अ’ आणि ‘अन’ हे तिन्ही उपसर्गसुद्धा मुळात एकच आहेत, आणि संस्कृतातील ‘अ’ व ‘अन्’ हे त्यांच्याच रांगेतले आहेत. याचा अर्थ असा की अज्ञात, अननोन, इग्नोरंट आणि ॲग्नॉस्टिक या चारही शब्दांत तेच दोन तुकडे त्याच क्रमाने बसलेले आहेत. ‘नो’च्या स्पेलिंगमध्ये आरंभी जो अनुच्चारित ‘के’ असतो त्याच्यावर मुलांचा नेहमी राग असतो. तो ‘के’ जुन्या इंग्रजीत उच्चारला जात होता, इग्नोरंटमध्ये तो ‘जी’ होऊन राहिला आणि आपल्याकडे तो ‘ज्ञ’मध्ये आहे, हे सांगितल्यावर त्या दिवसापासून वर्गात ‘नो’चे स्पेलिंग कोणी चुकवले नाही.

इथे एक धोकाही आहे आणि त्याबाबत कोश सावध आहे. समाजमाध्यमांवर ‘सगळे इंग्रजी शब्द संस्कृतमधून निघाले’ असे संदेश फिरतात आणि पालक ते अभिमानाने शाळेच्या गटावर टाकतात. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जे मांडले ते याहून वेगळे होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य इतके आहे की त्या एका समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे या भाषा बहिणी आहेत, एक दुसरीची आई नाही. एटिमऑनलाइनवरची धातूंची पाने हेच नाते दाखवतात, आणि मुलांना ते नाते वंशावळीसारखे फळ्यावर काढून दाखवले की गैरसमजाला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. ‘इललीगल’, ‘इमॉर्टल’, ‘इरेग्युलर’ या शब्दांत आरंभीचा ‘इल’, ‘इम’ आणि ‘इर’ हे तीन वेगळे उपसर्ग म्हणून अनेक तक्त्यांत छापलेले असतात. कोश सांगतो की ते सगळे एकाच नकारार्थी ‘इन’चे बदललेले वेश आहेत. पुढच्या व्यंजनाशी गाठ पडली की ‘एन’ आपले रूप सोडून त्या व्यंजनासारखा होतो. मराठी माध्यमाच्या मुलांना याचे नवल वाटायला नको, कारण सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लेख मिळून उल्लेख, उत् आणि चार मिळून उच्चार होतो हे त्यांनी व्यंजनसंधीत केलेलेच असते. लॅटिनमधल्या ‘ॲड’ या उपसर्गाचे तर इतके वेश आहेत की ओळखता येत नाहीत : ‘ॲक्सेप्ट’, ‘ॲग्रेसिव्ह’, ‘ॲलोकेट’, ‘अपिअर’, ‘अराइव्ह’, ‘असिस्ट’, ‘अट्रॅक्ट’ या सगळ्यांत तोच आहे. दुहेरी व्यंजन तिथे का आहे याचे कारण हाती आले की पाठांतराचे ओझे उतरते. ‘अराइव्ह’ची नोंद मला विशेष आवडली. त्यातला ‘राइव्ह’ हा लॅटिनमधल्या नदीकाठ किंवा किनारा या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, म्हणजे पोहोचणे याचा मूळ अर्थ किनाऱ्याला लागणे असा होता. मराठीत आपण अजूनही एखादे काम ‘तडीला नेले’ म्हणतो. ‘इमॉर्टल’च्या धातूच्या पानावर संस्कृतातील ‘मृ’ आहेच. त्या शब्दाला आपला ‘अमर’ अवयवाला अवयव जुळतो.

परीक्षेच्या दृष्टीने पाहणाऱ्या पालकांना मी ‘डिसअपॉइंट’ दाखवते. या शब्दात ‘एस’ एक आणि ‘पी’ दोन, हे मुले दरवर्षी उलटे लिहितात. ‘डिस’ अधिक ‘अपॉइंट’ अशी फोड एकदा डोळ्यांसमोर आली की चूक होत नाही, आणि मुळात हा शब्द नेमलेल्या माणसाला पदावरून दूर करण्यासाठी वापरला जात होता हे कळले की ती फोड लक्षातही राहते. ‘मिसस्पेल’मध्ये दोन ‘एस’ का, ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन का आणि ‘डिसअपिअर’मध्ये एकच का, हेही त्याच रीतीने सुटते.

नसलेले उपसर्ग आणि नसलेले प्रत्यय पाहणे ही शिकणाऱ्याची दुसरी चूक, आणि इथे कोशाचा उपयोग आणखी ठळक होतो. इंग्रजी संभाषणाच्या एका वर्गात वाटलेली पुस्तिका एका विद्यार्थ्याने मला आणून दाखवली होती. त्या पुस्तिकेत ‘हिस्टरी’ म्हणजे ‘हिज’ आणि ‘स्टोरी’, त्याची गोष्ट, असे छापलेले होते. प्रत्यक्षात तो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ शोध घेऊन मिळवलेले ज्ञान असा आहे, आणि त्याचा धातू पाहणे व जाणणे या अर्थाचा आहे. आपले वेद आणि विद्या हे शब्द त्याच धातूच्या घरातले आहेत. ‘स्टोरी’ हा शब्दच उलट ‘हिस्टरी’पासून झिजून झाला आहे. ‘फीमेल’ हा ‘मेल’ला काही जोडून झालेला नाही, लॅटिनमधल्या स्त्रीवाचक शब्दाचे ते लघुत्वदर्शक रूप फ्रेंचमार्गे आले आणि ‘मेल’शी जोडी लावण्याच्या ओघात त्याचे स्पेलिंग बदलले. ‘अंकल’च्या आरंभी ‘अन’ दिसतो, पण तो उपसर्ग नव्हे. लॅटिनमध्ये ‘अवुनक्युलस’ म्हणजे आईचा भाऊ, आणि वडिलांच्या भावासाठी वेगळा शब्द होता. मामा आणि काका यांना एकच शब्द वापरणारी इंग्रजी आपल्या मुलांना नेहमी अपुरी वाटते. त्या ‘अंकल’च्या पोटात एक मामा दडलेला आहे हे त्यांना फार आवडले.

उलट प्रकारही घडतो. ‘टेबल’मध्ये ‘एबल’ प्रत्यय नाही, हे मुलांनी बरोबर ओळखले आणि त्याच धडाक्यात ‘व्हेजिटेबल’मध्येही तो नाही असा निकाल दिला. कोशात पाहिले तर तिथे तो खराच आहे : वाढण्याची क्षमता असलेले ते व्हेजिटेबल. ‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ यांचा आरंभ सारखा असल्याने ते नात्यातले असावेत असे कोणालाही वाटेल, पण पेन हा लॅटिनमधल्या पिसाच्या शब्दापासून आला आणि पेन्सिल हा चित्रकाराच्या कुंचल्याच्या शब्दापासून, ज्याचा शब्दशः अर्थ लहान शेपूट असा होतो. कुंचल्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीलाही तेच नाव पडले आणि तिच्यावरून अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1929 मध्ये पेनिसिलिन हे नाव दिले. म्हणजे पेन्सिलचे नाते पेनपेक्षा पेनिसिलिनशी जवळचे आहे. पेनचे नाते मात्र आपल्या ‘पत्र’ या शब्दाशी आहे, कारण संस्कृतात पत्र म्हणजे पंख, पीस आणि पानही. ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाची ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ अशी फोड सगळे जग करते आणि तिच्यावरून ‘हेलिपॅड’सारखे शब्दही घडले आहेत, पण ग्रीकमधली खरी फोड ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखे वळण घेणारे आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख अशी आहे. हा ‘प्टेर’ही पत्राच्याच कुळातला आहे. पत्र, पेन, फेदर आणि हेलिकॉप्टर एका ओळीत लिहून मी त्या दिवशीचा तास संपवला होता.

क्रिकेटच्या ‘अंपायर’ने तर वर्गातल्या सर्वांत मागच्या बाकालाही पुढे आणले. चौदाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत ‘नंपर’ अशा जवळपासच्या रूपात आला. त्याच्या आरंभी ‘नॉन’ हा नकाराचा तुकडा आणि पुढे ‘बरोबरीचा, जोडीतला’ या अर्थाचा तुकडा होता. दोन पक्षांच्या जोडीत न बसणारा तिसरा, म्हणून पंच. पुढे ‘अ नंपर’ बोलता बोलता ‘अॅन अंपर’ झाले, ‘एन’ आपली जागा सोडून आधीच्या उपपदाला जाऊन चिकटला आणि उपसर्गाचे डोके कायमचे गेले. आज कितीही बारकाईने पाहिले तरी अंपायरमध्ये ‘नॉन’ दिसणार नाही. शब्दातील अवयव ओळखण्याला केवळ निरीक्षणाची मर्यादा कुठे पडते हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

आणि एक शब्द तर आपल्या घरचा आहे. ‘मंगूज’ या शब्दाच्या शेवटी ‘गूज’ म्हणजे हंसासारखा पक्षी दिसतो, आणि ‘गूज’चे अनेकवचन ‘गीज’ होते हे शिकलेली मुले ‘मंगीज’ लिहितात. कोशात या शब्दाचे मूळ भारतीय भाषांत, उदाहरणादाखल मराठीतल्या मुंगूस या शब्दात, दाखवले आहे आणि तो इंग्रजीत सतराव्या शतकाच्या शेवटी नोंदला गेल्याचे सांगितले आहे. त्यात गूज नाहीच, म्हणून त्याचे अनेकवचन साधे ‘मंगूजेस’ होते. शेताच्या बांधावर रोज मुंगूस पाहणाऱ्या मुलांना आपला शब्द त्या पडद्यावर पाहून झालेला आनंद मी विसरू शकत नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे हा अर्थकोश नाही. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, शब्द पूर्वी काय अर्थाने वापरला जाई याचे ते स्पष्टीकरण आहे, असे कोशकार स्वतःच स्पष्ट सांगतात, आणि वापरणाऱ्याने ते मनावर घ्यायला हवे. तुकड्यांचे अर्थ जोडून आजचा अर्थ नेहमी निघत नाही. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘परसीव्ह’ या चौघांचा धातू ‘घेणे, पकडणे’ या अर्थाचा एकच आहे, पण केवळ त्यावरून ‘डिसीव्ह’ म्हणजे फसवणे हे कोणी काढू शकणार नाही. आपल्याकडे आहार, प्रहार, विहार, संहार हे शब्द ‘हृ’ या एकाच धातूचे असून उपसर्ग त्यांना किती लांब ओढून नेतो हे जुन्या व्याकरणकारांनी नेमके याच उदाहरणांनी सांगितले आहे. म्हणून शेजारी आजचे अर्थ, वाक्यातील उपयोग आणि उच्चार देणारा चांगला इंग्रजी-मराठी कोश ठेवल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती एकटा एटिमऑनलाइन देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी अडचण मांडणीची आहे. शब्दाची फोड नोंदीत असते, पण ती परिच्छेदाच्या पोटात, दोन-तीन भाषांच्या पायऱ्यांमध्ये असते. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय वेगळे पाडून, रंगाने किंवा रेघेने दाखवलेले नसतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला, तेही इंग्रजी अजून अडखळत वाचणाऱ्या, ती नोंद एकट्याने उलगडता येत नाही. संस्कृत शब्द रोमन लिपीत असल्यामुळे ओळखीचा शब्दही परका वाटतो आणि तो मोठ्याने वाचून पाहावा लागतो. शिवाय मराठी वाचकाला ज्या पायरीची ओढ असते, म्हणजे संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत शब्द कसा उतरला, ती पायरी तिथे नसणार हे उघडच आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश 1946 मध्ये निघाला. आपल्या शब्दांची अशीच एकमेकांना जोडलेली, बोटाच्या स्पर्शाने उघडणारी पाने मराठी मुलांना मिळावीत अशी माझी फार इच्छा आहे.

आणखी एक सावधगिरी. धातूंच्या पानांवर एकदा शिरले की एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात तास निघून जातो आणि मूळ शब्द बाजूला राहतो. शिक्षकाने पानातले दोनच टप्पे निवडावेत आणि तिथे थांबावे. मी स्वतः सुरुवातीला फार पुढे जात असे, इंडो-युरोपीय धातूपर्यंत प्रत्येक शब्द नेत असे, आणि वर्गाचे लक्ष निम्म्यात सुटत असे. ‘रीड’मध्ये ‘री’ उपसर्ग नाही आणि ‘कॉर्नर’मध्ये ‘टीचर’मधला करणारा दाखवणारा ‘अर’ नाही, एवढेच सांगून पुढे जाणे कित्येकदा पुरेसे असते.

दुसऱ्या बाजूला, या कोशाचा प्रामाणिकपणा मला त्याच्या विद्वत्तेइतकाच मोलाचा वाटतो. जिथे माहिती नाही तिथे तो तसे लिहितो. ‘डॉग’सारखा रोजच्या बोलण्यातला शब्द जुन्या इंग्रजीत उशिरा आणि क्वचितच दिसतो आणि त्याच्या मागे काय होते ते कळत नाही, असे तो सरळ सांगतो. मतभेद असतील तर दोन्ही मते देतो. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, असे मोठ्या खात्रीने सांगणाऱ्या संदेशांच्या काळात, ते फक्त ‘न्यू’चे अनेकवचनी रूप आहे असे एका ओळीत सांगणारे पान विद्यार्थ्यांना दाखवणे हे मला भाषेपलीकडचेही शिक्षण वाटते.

आमच्या वर्गात तो कसा वापरतो ते सांगते, कारण केवळ दुवा देऊन उपयोग होत नाही. प्रत्येक मुलाकडे एक शब्दवही आहे. आठवड्याला एकच शब्द घ्यायचा, आधी स्वतःच्या समजुतीने त्याची फोड पेन्सिलीने करायची, मग मी शिक्षक-खोलीतल्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून कोशातली फोड वाचून दाखवते आणि मुले ती शेजारी शाईने लिहितात. तिसऱ्या रकान्यात त्याच घराण्यातला किंवा त्याच रीतीने बनलेला मराठी शब्द येतो, सापडला तर. पेन्सिल आणि शाई यांच्यात फरक पडला तरी पेन्सिलीची ओळ खोडायची नाही, असा नियम आहे, कारण आपण कुठे आणि का चुकलो हे त्या ओळीतच दिसते. दहावीच्या परीक्षेत इंग्रजीत उपसर्ग आणि प्रत्यय लावून शब्द घडवायचे असतात आणि मराठीत उपसर्गघटित व प्रत्ययघटित शब्द ओळखायचे असतात. या वहीमुळे दोन्ही विषयांची तयारी एकत्र होते, आणि आमच्या मराठीच्या सहकारी शिक्षिकाही आता या तासाला येऊन बसतात.

आठवीच्या खालच्या मुलांना हा कोश थेट देऊ नये. त्यांना शब्द आणि त्याचे साधे तुकडे पुरेत. स्पर्धा परीक्षांसाठी शब्दसंग्रह वाढवणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी आणि इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो हाताशी ठेवावा. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या मुलांना तर त्याचा विशेष उपयोग होईल, कारण रुग्णालयातील ‘पेडियाट्रिक’ या पाटीतला ‘पेड’ हा मुलाचा ग्रीक शब्द आहे आणि ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ हा पायाचा, आपल्या ‘पद’शी नाते असलेला लॅटिन शब्द आहे, असे फरक त्यांना पुढे रोज लागणार आहेत.

टँकरविषयी विचारणारी ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात ती शाळेत आली तेव्हा तिची जुनी शब्दवही सोबत होती आणि तिने स्वतःहून भरलेले शेवटचे पान तिने मला दाखवले. शब्द होता ‘इनव्हॅल्युएबल’. पेन्सिलीने तिने लिहिले होते : दुसरा ‘इन’ असावा, कारण या शब्दाचा अर्थ किंमत नसलेला असा नाही. शाईने शेजारी दुरुस्ती होती : पहिलाच ‘इन’, नकाराचा, ज्याची किंमत करता येत नाही असा. आणि तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता, अमूल्य.